योग्या : शस्त्रकर्मापूर्वीचा हस्ताभ्यास

भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या नोव्हेंबर २०२० मधील अधिसूचनेने शल्य व शालाक्य या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील ५८ शस्त्रकर्मे नावानिशी नमूद केली. त्यांपैकी १९ शालाक्याची असून त्यांत दंतकर्मेही आहेत. अधिकाराविषयी पुष्कळ चर्चा झाली. हात तयार कसा व्हावा, याविषयी मात्र फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. शास्त्र पुष्कळ ऐकलेले असले, तरी योग्या न केलेला शिष्य कर्मास अपात्र ठरतो, असा त्याचा आशय. छेदनासाठी कोहळा, दुधी, कलिंगड व काकडी. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. सीवनासाठी घट्ट विणीचे वस्त्र व मऊ चामडे. बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा. बस्तिकर्मासाठी पाण्याने भरलेल्या घटाचे छिद्र, अशी साधने तेथे सांगितली आहेत. आहरणासाठी फणस व बेलफळाच्या गरासोबत मृत पशूच्या दातांचाही निर्देश आहे.

आजच्या दंतमहाविद्यालयांतही क्रम हाच असतो. विद्यार्थी प्रथम मेणाचे दात कोरतो, नंतर कृत्रिम मस्तकात बसविलेल्या जबड्यावर काम करतो आणि मगच रुग्णाकडे वळतो.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कोहळा, काकडी सहज मिळतात आणि द्राक्षांचा तर हा परिसरच आहे. गर न दुखावता द्राक्षाची साल काढणे व ती पुन्हा शिवणे, हा बोटांचा उत्तम अभ्यास होय. मात्र मोजमाप हवे. छेदाची खोली आधी ठरवावी, छेदानंतर मोजावी. टाक्यांतील अंतर समान आहे का, ते पाहावे. अभ्यासाची शस्त्रे रुग्णांच्या शस्त्रांत कदापि मिसळू नयेत.

या साधनांना मर्यादाही आहेत. फळाला रक्तस्राव नाही, वेदना नाही, भीती नाही. म्हणून योग्या ही गुरूच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष कर्माची पूर्वतयारी आहे, पर्याय नव्हे. तसेच उपरोक्त अधिसूचना पदव्युत्तर शिक्षणापुरती आहे. केवळ पदवीधर वैद्याने तिच्या आधारे दंतोत्पाटन करू नये.

बस्तीची योग्या मात्र प्रत्येक चिकित्सालयात व्हावी. औषधालयचालकांनी बस्तियंत्र देताना परिचारकाकडून घटावर एकदा सराव करून घेतल्यास नेत्राची दिशा व पीडनाचा वेग यांतील दोष रुग्णाआधी घटावरच उघड होतील.