मूळ नोंद सुधारावी : संकेतस्थळासाठी ‘सॅस’ची मांडणी

संकेतस्थळाच्या पानाला मजकूर असतो तसे रूपही असते. रंग, अक्षरांचा आकार, समास यांचे नियम ज्या फाइलीत लिहितात, ती सीएसएस. होकोन वियुम ली यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली व १९९६ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता मिळाली.

परंतु तेव्हाच्या सीएसएसमध्ये एकच रंग चाळीस ठिकाणी हवा असेल, तर चाळीस वेळा लिहावा लागे. बदलताना एखादी जागा हमखास राहून जाई. यावर उपाय म्हणून हॅम्प्टन कॅटलिन यांनी २००६ मध्ये ‘सॅस’ची रचना केली. रंगाला एकदा नाव द्यावे व सर्वत्र तेच नाव वापरावे. सॅस त्यावरून सीएसएस तयार करते. आज सीएसएसमध्येही ही सोय आहे. तरीही मोठे काम लहान फाइलींत वाटून घेण्यास सॅस उपयोगी पडते.

मांडणी अशी करावी :

१) नोड बसवून एनपीएमच्या साहाय्याने प्रकल्पात सॅस घ्यावे.

२) दोन फोल्डर करावेत. एकात मूळ एससीएसएस, दुसऱ्यात तयार सीएसएस.

३) रंग, शीर्षक, तक्ते यांच्या फाइली वेगळ्या ठेवाव्यात. नावाआधी अधोरेषा दिल्यास त्यांची स्वतंत्र सीएसएस बनत नाही. मुख्य फाइलीत त्या ‘यूज’ने जोडाव्यात, जुना ‘इम्पोर्ट’ नियम आता टाळावा. मात्र रंगाचे नाव ज्या फाइलीत वापरायचे, तिच्यातही रंगांची फाइल ‘यूज’ने जोडावी लागते.

४) ‘वॉच’ हा पर्याय देऊन सॅस चालू ठेवावे. मूळ फाइल जतन होताच सीएसएस आपोआप नवी होते.

५) संकेतस्थळ चढविताना ‘कॉम्प्रेस्ड’ शैली निवडावी; फाइल लहान होते.

येथे आमची चूक सांगतो. घाईत आम्ही तयार सीएसएसमध्येच रंग बदलला. पान छान दिसले. दुसऱ्या दिवशी मूळ फाइल जतन करताच सॅसने सीएसएस पुन्हा लिहिली व आमची सारी दुरुस्ती पुसली गेली. खातेउताऱ्यावर पेनाने आकडा बदलल्याने शिल्लक बदलत नाही. मूळ नोंदच सुधारावी लागते. बँकेत रोज हेच करणारे आम्ही, घरी मात्र ते विसरलो!

विद्यार्थ्यांनी तीन पानांचे संकेतस्थळ करून त्यातील एक रंग बदलून पाहावा. सर्व पाने बदलली, तर मांडणी जमली. कोठे जुना रंग राहिला, तर तेथे तो हाताने लिहिला गेला आहे असे समजावे व मूळ फाइलीतच सुधारावा.