आधी खड्डा भरून बघ

मडिकेरी

चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.

विहिरीजवळच्या एकरात ॲव्होकाडो लावायचा म्हणतोस, त्यातल्या हास जातीची रोपंही बघून ठेवलीस. तुझी उमेद मला आवडली. पण बाजारभावाचा हिशेब मांडण्याआधी जमिनीकडे बघ.

इकडे कोडगूत कॉफीच्या मळ्यांत हे झाड जागोजाग दिसतं. इथे त्याला बटर फ्रूट म्हणतात आणि दूध-साखर घालून ज्यूस करून पितात. पाऊस धो धो पडतो, तरी झाडं तगतात, कारण जमीन उताराची आणि भुसभुशीत. पाणी निथळून जातं. तुझी विहिरीजवळची जमीन काळी, चिकण. तिथे पाणी साचणार. या झाडाची मुळं वरच्या थरातच पसरतात. साचलेल्या पाण्यात त्यांना फायटोफ्थोराची मूळकुज लागते आणि बारीक मुळ्या काळ्या पडून कुजतात. शेंड्याची पानं लहान, फिकट दिसू लागतात तोवर खाली बरंच काही गेलेलं असतं. पानं मलूल झाली म्हणून माणूस आणखी पाणी सोडतो, आणि तिथेच झाड हातचं जातं. रुडॉल्फ हास या कॅलिफोर्नियातल्या पोस्टमनने १९३५ साली ज्या झाडाचं पेटंट घेतलं, ज्याच्यापासून जगभरची हासची कलमं निघाली, ते मूळ झाडसुद्धा अखेर मूळकुजीनेच गेलं.

म्हणून शेतात पाच-सहा ठिकाणी गुडघाभर खड्डे खण. काठोकाठ पाणी भर, मुरलं की पुन्हा भर. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसलं तर ती जागा सोड. माळाकडचा मुरमाड उतार मला जास्त बरा वाटतो. तिथे मातीचे उंचवटे करून लाव. पाल्यापाचोळ्याचं जाड आच्छादन दे, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नकोस. पहिले एक-दोन उन्हाळे रोपांवर सावली हवीच, तुमच्याकडचं वैशाखाचं ऊन कोवळ्या सालीला भाजून काढतं.

कोय रुजवून बाग करू नकोस. फळ धरायला वर्षानुवर्षं लागतील आणि येईल ते आईसारखं असेलच असं नाही. खात्रीची कलमं घे. हासच्या झाडांत अधूनमधून फुएर्तेसारखी दुसऱ्या गटाची झाडंही लाव. ॲव्होकाडोचं एकच फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. दोन्ही गटांच्या वेळा उलट असतात, त्यामुळे एकाचा पराग दुसऱ्याच्या कामी येतो. मोहोरात असताना फवारणी टाळ, मधमाश्या जगू देत.

आणि शेळ्या दूर बांध. या झाडाच्या पानांत पर्सिन नावाचं विष असतं, ते जनावरांना बाधतं. ताईला हे आवर्जून सांग, छाटलेल्या फांद्या गोठ्यात जाता कामा नयेत.

फळ झाडावर मऊ होत नाही, आंब्यासारखंच उतरवून पिकवायचं. एखादं कापून बघ. कोयीवरची साल पांढरट असेल तर थांब, तपकिरी आणि कागदासारखी झाली असेल तर तोड. देठ थोडा ठेवूनच काप, नाहीतर तिथूनच फळ सडायला लागतं.

कलमांचे पैसे एवढ्यात देऊ नकोस. पावसाळ्यात इकडे ये, आपण चेट्टळ्ळीच्या बागायती संशोधन केंद्रात जाऊ. तिथल्या लोकांना तुझ्या मातीबद्दल आणि उन्हाबद्दल स्वतः विचार. ताईला नमस्कार.

तुझा,
शशीमामा