गुहा-अभ्यास मंडळ : प्रशिक्षण आणि जतन
पालघर व बोईसर-तारापूर परिसरासाठी एक विचार

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोर मागे टाकले की अशेरीगडाचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या माथ्यावर खडकात कोरलेली गुहा आहे. तेथे देवीचे ठाणे असून गडावर येणारे प्रवासी रात्रीच्या मुक्कामासही तेथेच थांबतात. पालघरजवळ वाघोबा खिंडीलगतचा काळदुर्ग, सफाळ्याजवळचा तांदुळवाडी, वाड्याच्या बाजूचा कोहोज हे सारे डोंगर कडेकपारींचे आहेत. कपार, घळ, विवर, लेणे असे वेगवेगळे शब्द मराठीत रूढ आहेत, यावरूनच या जागांशी आपल्या समाजाचा संबंध किती जुना आहे हे ध्यानी येते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सुटीच्या दिवशी डोंगराकडे वळणाऱ्या तरुणांत आज बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार व तंत्रज्ञ आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीही असतात. ही आवड स्वागतार्ह आहे. परंतु माहितीवाचून गुहेत शिरणे हे जाणाऱ्याच्या जिवाला आणि गुहेलाही अपायकारक ठरू शकते. ही आवड शिस्तीत आणून तिचा उपयोग गुहांच्या राखणीसाठी करून घेणे, हे स्थानिक गुहा-अभ्यास मंडळाचे कार्य होय.

आपल्या गुहांचे स्वरूप

चुनखडीच्या प्रदेशात किंचित आम्लधर्मी पाण्याने खडक विरघळत जातो आणि मैलोगणती लांबीच्या गुहा तयार होतात. मेघालयात अशा गुहा आहेत. तेथे १९९२ पासून स्थानिक साहसप्रेमींच्या संघटनेने परदेशी अभ्यासकांच्या साहाय्याने नकाशे तयार करण्याचे काम चालविले असून क्रेम लियात प्राह ही एकच गुहा तीस किलोमीटरहून अधिक लांब असल्याचे त्यातून दिसून आले. आपल्याकडील बेसॉल्ट तसा विरघळत नाही. लाव्हारसाच्या दोन थरांमधील मऊ पट्टा झिजून कपारी होतात, किंवा माणसाने खडक कोरून लेणी व टाकी केलेली असतात. म्हणून आपल्या गुहा लहान आहेत, पण त्यांच्याशी निगडित इतिहास मोठा आहे.

बारड डोंगराचे उदाहरण बोलके आहे. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी याच डोंगरातील गुहांत आणला, आणि तेथे बारा वर्षे राहून पुढे तो वासद्यास नेला, अशी हकीकत १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या फार्सी काव्यात आहे. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्यास आहे. अशा जागेत भिंतीवर कोरलेले एखादे नाव किंवा पेटविलेली शेकोटी हीदेखील कायमची हानी ठरते.

गुहेतील जीवसृष्टी

गुहांचे खरे रहिवासी म्हणजे वटवाघळे. कीटकभक्षी वटवाघळे पिकांवरील किडे खातात, तर फलाहारी वटवाघळे परागीभवनास व बीजप्रसारास साहाय्य करतात. बहुतेक जातींची मादी वर्षातून एकाच पिलास जन्म देते. त्यामुळे पिलांच्या दिवसांत धूर, उजेड किंवा गोंगाट यांनी वसाहत विसकटली, तर ती हानी भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात.

एखाद्या लहानशा गुहेचे मोल किती असू शकते, हे महाराष्ट्राच्या सीमेलगत खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेने दाखवून दिले आहे. १९१३ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते रॉटनचे वटवाघूळ जवळजवळ सारे विसावे शतक जगात केवळ याच एका ठिकाणाहून ज्ञात होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्यास स्थान मिळाले, आणि २०११ मध्ये तो परिसर भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाला. आपल्या कपारींत कोणत्या जाती आहेत, याची गावोगाव नोंद करणे हे म्हणूनच मंडळाचे पहिले काम ठरते.

ज्ञान दोन ठिकाणी आहे

या कामास लागणारे ज्ञान जिल्ह्यात आहे, पण ते विखुरलेले आहे. कोणती कपार पावसात ठिबकते, आग्या मोहोळ कोठे बसते, कोठे देवाचे ठाणे असल्याने पायताण काढावे लागते, हे डोंगरपायथ्याच्या पाड्यांतील वारली, कातकरी, मल्हार कोळी बांधवांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

बंद व अंधाऱ्या जागेत सुरक्षितपणे कसे शिरावे, याचे ज्ञान मात्र बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आहे. टाकीत किंवा भुयारी गटारात माणूस उतरविण्यापूर्वी आतील हवा तपासून लेखी दाखला द्यावा, अथवा उतरणाऱ्यास श्वसनयंत्र व दोर बांधलेला पट्टा देऊन त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, असा दंडक कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने घालून दिला होता. औद्योगिक सुरक्षा अधिकारी, अग्निशमन कर्मचारी व जोडारी यांच्या अंगवळणी पडलेली हीच शिस्त गुहेतही जीव वाचविते. ही दोन्ही प्रकारची माणसे एका बैठकीत बसविणे, हाच मंडळ स्थापनेचा गाभा आहे.

धोके व प्रशिक्षण

२३ जून २०१८ रोजी थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक पावसाच्या पाण्यामुळे अडकून पडले. तेराही जण वाचले, परंतु मदतीस गेलेल्या एका माजी नौसैनिक पाणबुड्यास प्राण गमवावे लागले. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यास महाराष्ट्रातील किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. त्या शोधकार्यात मोठा उपयोग झाला तो त्याच भागात राहून वर्षानुवर्षे गुहेची पाहणी केलेल्या एका अभ्यासकाच्या माहितीचा. संकट आल्यावर नकाशा काढता येत नाही. तो आधी तयार असावा लागतो.

प्रशिक्षणात पुढील बाबींचा समावेश असावा :

१. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गुहेत प्रवेश नाही. या काळात गाठी, दोरकाम, प्रथमोपचार व नकाशावाचन यांचे वर्ग शाळेच्या आवारात घ्यावेत.

२. तुकडी चारांपेक्षा कमी नसावी. एकास इजा झाली तर एकाने त्याच्यापाशी थांबावे व दोघांनी मदतीस जावे.

३. प्रत्येकाजवळ शिरस्त्राण व प्रकाशाची तीन स्वतंत्र साधने असावीत. परतण्याची वेळ पायथ्याच्या गावात सांगून ठेवावी.

४. कर्बद्विप्राणिल वायू जड असल्याने खोलगट भागात साचतो. दिवा विझला तर हवा दूषित हे खरे, परंतु दिवा जळत आहे म्हणून हवा शुद्ध, असे मानू नये. वायुमापक यंत्रानेच खात्री करावी.

५. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसांचा बुरशीजन्य रोग होऊ शकतो. अशा ठिकाणी जाणे टाळावे, आणि एका गुहेतून दुसरीत जाण्यापूर्वी बूट व कपडे धुवावेत.

६. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. तेथे सैल दरडींची पाहणी प्रत्येक भेटीपूर्वी करावी.

मंडळाची उभारणी

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार सात व्यक्ती एकत्र येऊन संस्थेची नोंदणी करू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेस सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. परंतु नोंदणीची घाई करण्यापूर्वी एक वर्ष अनौपचारिक काम करून पाहणे इष्ट. कार्यकारिणीत शिक्षक, सुरक्षा क्षेत्रातील तंत्रज्ञ व पाड्यांतील जाणकार यांना सारखेच स्थान असावे. पाड्यातील माणूस केवळ वाटाड्या म्हणून घेतला, तर मंडळ गावास परके वाटेल.

वनक्षेत्रात वन विभागाची, तर संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाची अनुमती आवश्यक आहे. गिरिभ्रमण, शिबिरे इत्यादी आयोजित करताना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणातील नोंदणीच्या व सुरक्षिततेच्या अटी पाहाव्यात.

ग्रामपंचायतीचे स्थान

जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आपल्या रूढी-परंपरा व सामूहिक साधनसंपत्ती यांचे जतन करण्याचा ग्रामसभेचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने मान्य केला आहे. म्हणून मंडळाने प्रत्येक गुहेची नोंद प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावी. ग्रामसभेने गुहांचे तीन वर्ग ठरवावेत : सर्वांस खुल्या, अनुमतीने पाहावयाच्या आणि बंद ठेवावयाच्या. देवस्थान असलेल्या किंवा वटवाघळांची पिले वाढविणाऱ्या गुहांचा ठावठिकाणा प्रसिद्ध करू नये. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावसमितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत या माहितीस जागा देता येईल.

येथे एक अडचण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मंडळामुळे गुहांची कीर्ती वाढेल व गर्दीही वाढेल, ही ग्रामस्थांची शंका निराधार नाही. तिचे उत्तर मंडळाच्या वागणुकीतूनच द्यावे लागेल. वर्षअखेरीस किती नव्या गुहा पाहिल्या, यापेक्षा किती गुहांची नोंद पूर्ण झाली, कोठला कचरा काढला, किती जण प्रशिक्षित झाले आणि कोणत्या गुहेत जाण्याचे आपण होऊन टाळले, याचा हिशेब ग्रामसभेस द्यावा.

एका शाळेने एका डोंगराची नोंद हाती घेतली, एका कारखान्यातील चार तंत्रज्ञांनी महिन्यातून एक रविवार दिला आणि एका ग्रामपंचायतीने त्यांना बैठकीसाठी जागा दिली, तरी कामास आरंभ होऊ शकतो. पावसाळ्यातील वर्गांपासून हा आरंभ करणे सर्वांत सोयीचे ठरेल.