रोहूचे बीज घेताना कूळ विचारा

पावसाळा लागला की तळ्यांत, शेततळ्यांत मत्स्यबीज सोडण्याची घाई सुरू होते. यंदा बीज घेताना कोणी ‘यात वाढीचा जीन आहे’ असे छातीठोकपणे सांगू लागला, तर तिथून सरळ काढता पाय घ्या.

माशाची वजनवाढ एका जनुकावर चालत नाही. अनेक जनुके तिला थोडाथोडा हातभार लावतात. काही गुणांचे तसे नसते. सामन माशाच्या आयपीएन या विषाणूरोगाला तोंड देण्याची ताकद बरीचशी गुणसूत्रावरच्या एकाच जागेशी बांधलेली निघाली आणि नॉर्वेतल्या पैदासकारांनी ती खूण पाहून अंडी निवडायला सुरुवात केली. रोहूच्या २५ गुणसूत्र-जोड्यांचाही जनुकीय नकाशा तयार झाला आहे. त्यातून मुख्यतः एरोमोनास जिवाणूच्या रोगाला कोणता मासा दाद देत नाही, याचा माग घेतला गेला. वाढीसाठी मात्र अजूनही खरे काम केले आहे ते वजनकाट्याने आणि वंशावळीच्या वहीने.

‘जयंती रोहू’ तशीच घडली. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, ‘सीफा’ने, १९९२ च्या सुमारास नॉर्वेच्या तज्ज्ञांसोबत हे काम हाती घेतले. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतले रोहू आणले, कुटुंबे वेगळी वाढवली, माशांच्या अंगात ओळखचिप बसवल्या आणि वजनात सरस कुटुंबांतले नर-मादी पुढच्या पैदाशीला ठेवले. दर पिढीला सुमारे १७ टक्के वाढ पदरात पडली.

आपल्याकडच्या बऱ्याच बीजकेंद्रांत नेमके उलटे घडते. मोठा मासा बाजारात जातो, उरलासुरला पैदाशीला राहतो. तेच मोजके नर-मादी वर्षानुवर्षे इंजेक्शन टोचून पैदाशीला लावले जातात. बीज खुरटते ते इथे. काही ठिकाणी रोहू, कटला, मृगळ एकाच कुंडात सोडल्याने संकरही होतात.

म्हणून भाव करण्याआधी विचारा: नर-मादी कुठून आणले, शेवटचे कधी बदलले, जाती वेगळ्या ठेवता का? उत्तर टाळले, तर दुसरे केंद्र बघा. शक्यतो जिरे म्हणजे अगदी लहान पिल्ले न घेता तीन-चार इंची बोटुकली घ्या. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवून मगच तोंड सोडा. गेल्या वर्षीचे मोठे मासे तळ्यात असतील, तर आधी काढा. नाहीतर नव्या बीजाची वाढ कळणारच नाही.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात तळाचा गाळ नसतो, त्यामुळे नैसर्गिक खाद्य कमी. तिथे खाद्याला हात आखडता घेतला, तर जयंतीसुद्धा साध्या रोहूसारखीच राहील. महिन्यातून एकदा जाळे टाकून वीस-पंचवीस मासे तोला, सरासरी लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी बीज घ्यायला जाताना ती वही सोबत न्या.