तळघराची जमीन : लेपाआधी ओलाव्याची परीक्षा
तळघराच्या काँक्रीट जमिनीवर इपॉक्सीचा लेप देण्याचे ठरविल्यास अंदाजपत्रकात प्रथम ओलाव्याचा विचार करावा. भूमीतील बाष्प काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते व लेप फुगवून सोडविते.

नवे काँक्रीट किमान २८ दिवस पक्के होऊ द्यावे. नंतर सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून जमिनीवर बसवावा आणि किमान १६ तासांनी उचलावा. खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट डाग दिसल्यास आधी ओलाव्याचा बंदोबस्त करावा. जमीन कोरडी आढळल्यास ती घासून, धूळ काढून मगच लेप द्यावा.

गृहदुरुस्ती कर्जाच्या अंदाजपत्रकात जलरोधन, घासकाम आणि लेप यांचे खर्च स्वतंत्र दाखवावेत. लेप सुटला तरी कर्जाचे हप्ते सुटत नाहीत.