फवारणीच्या फिरत्या चकतीचा वेग स्थिर राखणारा साधा फीडबॅक परिपथ

फिरत्या चकतीच्या फवारणी यंत्रात द्रावण चकतीच्या मध्याजवळ संथ धारेने सोडले जाते. केंद्रोत्सारी बलामुळे ते कडेकडे सरकते आणि तेथून सूक्ष्म थेंबांच्या रूपाने सुटते. नोझलच्या पंपात थेंबांचा आकार बऱ्याच अंशी दाबावर अवलंबून असतो, तर येथे तो चकतीच्या वेगावर ठरतो. द्रावणाचा प्रवाह मर्यादित असल्यास थेंबाचा व्यास वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून वेग स्थिर ठेवणे हा कीड नियंत्रणाच्या परिणामकारकतेशी थेट निगडित प्रश्न आहे.

वेग घटल्याने काय बिघडते?

१२ व्होल्टची बॅटरी काम सुरू करताना १२.६ व्होल्ट आणि काम संपताना ११ व्होल्ट देत आहे, असे समजू. मोटर थेट बॅटरीला जोडलेली असल्यास वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी, घटतो. त्यामुळे थेंबाचा व्यास सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. थेंबाचे घनफळ मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते दीडपट होते. याचाच अर्थ तेवढ्याच द्रावणातून निघणाऱ्या थेंबांची संख्या दोन-तृतीयांशावर येते. स्पर्शजन्य कीटकनाशकाचा परिणाम पानावर थेंब किती दाट पडले यावर अवलंबून असतो. त्यामुळे मात्रा योग्य असूनही शेताच्या शेवटच्या भागात कीड शिल्लक राहू शकते आणि दोष औषधाला दिला जातो.

परिपथाचे तत्त्व

फीडबॅक, म्हणजे प्रत्याभरण, यात तीन क्रिया सतत चालतात: प्रत्यक्ष वेग मोजणे, अपेक्षित वेगाशी त्याची तुलना करणे आणि फरकानुसार मोटरचे व्होल्टेज कमी-अधिक करणे. वेग मोजण्यासाठी दुसरी छोटी डीसी मोटर जनित्र म्हणून वापरता येते. तिचा दांडा फिरवला असता वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज निर्माण होते. तुलनेचे काम ऑप-अ‍ॅम्प करतो आणि ट्रान्झिस्टर मोटरला प्रवाह पुरवतो.

साहित्य

• अपेक्षित वेग ७ व्होल्टच्या आत गाठणारी व सुमारे ०.५ अँपिअर प्रवाह घेणारी, मागील बाजूसही दांडा असलेली मोटर
• जनित्रासाठी त्याच जातीची दुसरी मोटर व दांडे जोडण्यासाठी रबरी नळी
• ऑप-अ‍ॅम्प एलएम ३५८, ट्रान्झिस्टर टीआयपी १२२ (उष्णताशोषक पट्टीसह), ५ व्होल्टचा नियामक ७८०५
• १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर
• रेझिस्टर: १ किलोओहम (एक), १० किलोओहम (दोन), १०० किलोओहम (दोन)
• कपॅसिटर: १ मायक्रोफॅरड, ध्रुवता नसलेले (दोन), ०.१ मायक्रोफॅरड (तीन)
• डायोड १एन ४००७ आणि १ अँपिअरचा फ्यूज

जोडणी

१. बॅटरीचा धन ध्रुव फ्यूजमधून ऑप-अ‍ॅम्पच्या ८ क्रमांकाच्या पिनला, ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला व ७८०५ च्या प्रवेशाला जोडावा. ऋण ध्रुव ही सामाईक तार असून ती ४ क्रमांकाच्या पिनलाही जोडावी. ७८०५ च्या प्रवेशावर व निर्गमावर सामाईक तारेपर्यंत प्रत्येकी एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

२. पोटेन्शिओमीटरची दोन टोके ५ व्होल्ट व सामाईक तार यांमध्ये आणि मधले टोक पिन ३ ला जोडावे. हा अपेक्षित वेगाचा संकेत होय.

३. जनित्राची ऋण तार सामाईक तारेला जोडावी. धन तार व सामाईक तार यांमध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावावेत. त्यांच्या मध्यबिंदूवर अर्धे व्होल्टेज मिळते. मध्यबिंदूपासून सामाईक तारेपर्यंत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास ब्रशमुळे होणारी थरथर कमी होते.

४. हा मध्यबिंदू १०० किलोओहममधून पिन २ ला जोडावा. पिन १ व २ यांमध्ये दुसरा १०० किलोओहम रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक लावावेत. या जोडीमुळे वेगातील उरलेला फरक हळूहळू शून्याकडे येतो आणि वेग हेलकावेही खात नाही.

५. पिन १ पासून १ किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडणी करावी. एमिटर व सामाईक तार यांमध्ये मोटर जोडावी. मोटरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व डायोड लावावा; डायोडची पट्ट्याची बाजू एमिटरकडे असावी.

६. न वापरलेल्या ऑप-अ‍ॅम्पची पिन ५ सामाईक तारेला आणि पिन ६ पिन ७ ला जोडावी.

तपासणी

प्रथम मोटर हाताने नेहमीच्या दिशेने फिरवून जनित्राची धन तार मल्टिमीटरने निश्चित करावी. या तारा उलट जोडल्यास किंवा तुटल्यास परिपथ वेग घटल्याचे समजतो आणि मोटर पूर्ण वेगाने पळते. पोटेन्शिओमीटर शून्यावर ठेवूनच विद्युतपुरवठा सुरू करावा. त्यानंतर स्पर्शरहित टॅकोमीटरने वेग मोजून तो यंत्राच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळवावा. पूर्ण भारित व उतरलेल्या अशा दोन्ही बॅटऱ्यांवर वेग सारखा राहतो का, हे पाहावे. शेवटी साधे पाणी फवारून जलसंवेदी कागदावरील ठशांची तुलना करावी.

मर्यादा

बॅटरी ११ व्होल्टवर आली असता मोटरला जास्तीत जास्त सुमारे ७.५ व्होल्ट मिळू शकतात. त्याहून अधिक लागल्यास वेग राखता येणार नाही. शिल्लक व्होल्टेज ट्रान्झिस्टरमध्ये उष्णतेत रूपांतरित होते. ०.५ अँपिअर प्रवाहाला ही उष्णता सुमारे ३ वॅट असते, म्हणून उष्णताशोषक पट्टी अनिवार्य आहे. मोठ्या मोटरसाठी स्पंदरुंदी नियंत्रणाची पद्धत अधिक योग्य ठरते.

हा परिपथ केवळ वेग राखतो. द्रावणाचा प्रवाह, चालण्याची गती, वाऱ्याची स्थिती आणि लेबलवरील शिफारस यांची दक्षता फवारणी करणाऱ्यानेच घ्यावयाची आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात फीडबॅकसह व फीडबॅकविना घेतलेले जलसंवेदी कागद शेजारी-शेजारी मांडावेत, म्हणजे शेतकऱ्यांना हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल.