एका संगणकास दोन पडदे

नवी मुंबईत ज्या सी-डॅक संस्थेचे केंद्र आहे, तिने २००७ साली ‘बॉस’ ही मुक्त संगणकप्रणाली प्रसृत केली. तीवर एका संगणकास दोन पडदे जोडता येतात. प्रथम संगणक बंद करून दुसऱ्या पडद्याची तार जोडावी. नंतर संगणक सुरू करून ‘डिस्प्ले’ ही मांडणी उघडावी. तेथे ‘मिरर’ निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र उमटते. शिक्षकाने गुणपत्रक उघडताच मागे पडलेल्या मुलाचे गुण साऱ्या वर्गास दिसतात. म्हणून विस्ताराचा पर्याय निवडावा व पडद्यांचा क्रम टेबलावरील मांडणीप्रमाणे लावावा. मग धडा मुलांपुढे आणि गुणपत्रक शिक्षकापुढे राहते. वर्ग भरण्यापूर्वी हे एकदा पडताळून पाहावे. मुलाची उणीव चारचौघांत उघडी करणे शिक्षकास शोभत नाही.